दुधाच्या कॅनचं झाकण

डिप्लोमा झाल्यावर मी बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर कामाला लागले. नव्वदीचं दशक अर्धं सरत आलं होतं. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबून भरणारी तीन मशिनं आमच्याकडं होती. त्यातून डबे, बुचं, ठिबकच्या नळ्यांचे जोड असं काहीबाही निघायचं. सकाळी गेटवर मोटारसायकलींची गर्दी व्हायची. त्यातून मी सायकल आत घालायला लागले की सगळे बाजूला सरायचे, कारण पॅकिंगच्या चार बायका सोडल्या तर तिथं मी एकटीच होते, आणि माझ्याशी कसं वागायचं हे पहिले काही महिने कुणालाच ठरवता आलं नव्हतं.

गाव माझं इंदापूर तालुक्यातलं, निमगावच्या अलीकडं फाट्यावर उतरून अर्धा तास चालावं लागायचं. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांनी ती विकली, पाटाच्या पाण्यावर दोन एकर भिजवलं आणि गोठ्यात दोन जर्सी गाई आणून बांधल्या. वडील शेतात, आणि गाई आईच्या. धार काढणं, वैरण, दूध घालायला डेअरीवर जाणं, सगळं तीच करायची. मी बारामतीत एका खोलीवर राहायचे आणि दर गुरुवारी, कारखान्याला सुट्टी असली की, पहिल्या एसटीनं घरी जायचे.

कारखान्यात मला काम शिकवलं ते तात्यांनी. सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. मूळचे मोरगावकडचे, जिरायती भागातले. अठराव्या वर्षी वालचंदनगरला गेले आणि तिथल्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खोलीत, आले. टूलरूम म्हणजे एक लेथ, एक मिलिंग मशीन, कानशींनी भरलेलं एक कपाट आणि तात्या. आता ते नाहीत. त्यांचा आवाज मात्र मला अजून नीट आठवतो. मशिनच्या आवाजातही ते कधी ओरडायचे नाहीत, जवळ येऊन हळू बोलायचे.

पहिल्यांदा ते माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी एका चौकोनी डब्याचं ड्रॉइंग करत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ कागदाकडं बघत राहिले.

"ताई, ह्यो डबा मोल्डमधनं निघनार कसा?"

साच्याला आम्ही सगळे मोल्डच म्हणायचो. मी म्हटलं, "मोल्ड उघडल्यावर निघंल की."

"भिती तर तुमी सरळ उभ्या केल्यात. तुमच्या गावाकडं गुऱ्हाळ हाय का?"

"हाय."

"गुळाची ढेप कशी काढत्यात?"

"बादली पालथी घालून."

"मग त्या बादलीचं तोंड रुंद आन् बूड निमुळतं का असतंय, त्याचा इचार करा." एवढं बोलून ते निघून गेले.

मी विचार केला, रबर घेतलं, डब्याच्या चारी भिंती पुसल्या आणि त्यांना एकेक अंशाचा उतार दिला. कॉलेजात ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण ढेप बादलीतून सुटून फडक्यावर येते ते मी लहानपणापासून बघत आले होते, आणि हे दोन्ही एकच असल्याचं मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

असंच ते शिकवायचे. एकदा एक जाडजूड मूठ त्यांनी माझ्यासमोर करवतीनं कापून दाखवली. आत पोकळ भोक. "जाड केलं म्हंजी मजबूत झालं असं न्हाय," म्हणाले. "जाड जागा उशिरा निवती, आन् निवताना आतल्या आत आकसती. सगळीकडं सारखी जाडी ठेवा." कापलेले दोन तुकडे ते माझ्याच टेबलावर ठेवून गेले. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले आणि कितीतरी दिवस अधूनमधून काढून बघायचे.

वर्षभरानं मालकांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. डेअरीचं सामान विकणारा एक व्यापारी आला होता. त्याला प्लॅस्टिकच्या दहा लिटरच्या दुधाच्या कॅनसाठी झाकण हवं होतं. कॅन त्याच्याकडं तयार होता. बाजारातली झाकणं ढिली होती. मोटारसायकलला कॅन बांधून खड्ड्याखुड्ड्यांतून नेताना दूध हिंदकळायचं आणि मांडीवर, सायलेन्सरवर सांडायचं. लोक झाकणाखाली फडकं घालायचे.

"उलटा धरला तरी थेंब खाली पडता कामा नये," व्यापारी म्हणाला.

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "करशील?"

मी हो म्हटलं. मनात आई होती. तिच्याकडंही तसलाच कॅन होता, आणि ती तो काखेत धरून पायी डेअरीवर न्यायची. झाकणाखाली जुन्या लुगड्याचा तुकडा. रोज दूध घालून आली की तिच्या कमरेपाशी लुगडं ओलं असायचं. मला वाटलं, हे झाकण मी तिच्यासाठीच करते आहे.

पंधरा दिवस मी त्या झाकणावर घालवले. त्यातली मुख्य गोष्ट होती ती आतून गोल फिरणारा एक बारीक कंगोरा. झाकण दाबलं की तो कंगोरा कॅनच्या ओठावरून घसरून खाली जायचा आणि ओठाखाली अडकून बसायचा. घालताना जी बाजू लागते ती मी उतरती ठेवली होती. काढताना जी अडते ती मी अगदी सरळ ठेवली, पायरीसारखी. म्हणजे एकदा बसलं की सुटायलाच नको.

ड्रॉइंग तात्यांकडं गेलं आणि तासाभरात परत आलं. ते स्वतःच घेऊन आले.

"ताई, ही बाजू एवढी सरळ नगं. थोडा उतार द्या."

"उतार दिला तर सुटंल ना तात्या. त्यांना पक्कं पाहिजे."

"पक्कं पाहिजे खरं. पन त्ये काढायचं बी असतंय. आन् कंगोरा आधी बारका ठिवा. कमी पडला तर मोल्डमधलं पोलाद आनखी कापता येतंय. जास्त कापल्यावर परत लावता येत न्हाय."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. वर्षभर मी त्यांचं सगळं ऐकलं होतं, आणि हे पहिलं काम माझं होतं. मी आकडेमोडीचा कागद काढला, प्लॅस्टिक किती ताणलं जाईल ते दाखवलं. मालकही तिथं आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाला गळती नकोय. तिच्या ड्रॉइंगप्रमाणं करा."

"बरं," तात्या म्हणाले. आणि ड्रॉइंगप्रमाणंच केलं, एका केसाचाही फरक न करता. इतकं चकचकीत पॉलिश केलं की मोल्डमध्ये माझा चेहरा दिसायचा.

पहिली झाकणं निघाली त्या दिवशी मी सकाळपासून मशिनपाशी उभी होते. मोल्ड उघडला, आणि झाकण सुटताना टक्कन आवाज आला. दुसरं, टक्क. तिसरं, टक्क. तात्यांनी एक झाकण उचलून कंगोऱ्यावरून बोट फिरवलं. काठाला जरा पांढुरकं पडलं होतं, ताण बसल्यासारखं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मी कॅनमध्ये पाणी भरलं, झाकण लावलं, कॅन पालथा केला आणि सगळ्यांसमोर हलवला. एक थेंब नाही. मालकांनी सगळ्या कारखान्याला चहा सांगितला.

व्यापारी खूश झाला. हजारांनी झाकणं निघू लागली आणि इंदापूर-बारामतीच्या दुकानांतून कॅन त्या झाकणासकट विकले जाऊ लागले.

त्या गुरुवारी मी एक नवा कॅन आणि झाकण घेऊन घरी गेले. आईनं झाकण हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, पदरानं पुसलं.

"ह्ये तू केलंस?"

"मी ड्रॉइंग काढलं. केलं मशिननं."

"म्हंजी तूच की."

दुसऱ्या दिवशीपासून ती डेअरीवर दूध घालायला गेली की सांगायची, माझ्या लेकीनं केलंय. वडिलांनीच मला हसत हसत सांगितलं. पुढच्या गुरुवारी मी विचारलं, "आई, झाकण बरं चाललंय ना?"

"लई झ्याक. थेंब सांडत न्हाय."

दोन महिने दर गुरुवारी मी विचारायचे आणि ती हेच सांगायची. धारेच्या वेळी मी गोठ्यात जाईपर्यंत कॅन उघडलेलाच असायचा.

मग एका आठवड्यात मशिनच्या दुरुस्तीमुळं कारखाना बुधवारपासूनच बंद ठेवला, आणि मी बुधवारी सकाळी घरी पोचले. मी गुरुवारी येणार असं आई धरून होती. मी पिशवी ओट्यावर ठेवून सरळ गोठ्यात गेले. ती पाठमोरी बसली होती. धार काढून झाली होती, बादली बाजूला होती. रिकामा कॅन तिनं दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता, आणि उलथन्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून ती ते उचकटत होती. एकदा घसरलं. तिनं हात झटकला, अंगठा तोंडात घातला, परत उलथनं लावलं. तिसऱ्यांदा झाकण टक्कन उडून गाईच्या पायाशी जाऊन पडलं.

मी जाऊन ते उचललं. सगळ्या कडेला खाचा पडल्या होत्या, गोल, एकीला लागून एक.

"आगं, तू आज कशी काय?" आई उठली. तिनं उलथनं पाठीमागं धरलं.

"आई, हे काय झालंय?"

तिनं झाकणाकडं पाहिलं, मग दुसरीकडं. "उंदरानं कुरतडलं असंल."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यात पाणीही आलं. मी म्हटलं, "उंदीर उलथनं घेऊन येतो का?"

मी तिचा उजवा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत मी तो असा धरला नव्हता. वीस वर्षं रोज दोन वेळा धार काढून अंगठ्याचं मूळ सुजल्यासारखं जाड झालं होतं. अंगठा वाकत होता, पण अर्ध्यावर येऊन थांबत होता. नखाखाली निळं पडलं होतं.

"कधीपासून उलथनं लावतीस?"

"पयल्या दिसापासनं," ती म्हणाली. आणि लगेच, "पन सांडत न्हाय बघ. सांडू नये म्हनूनच केलंय न्हवं तू? मग झालं."

मी कॅनवर झाकण दाबून बसवलं आणि काढून बघितलं. निघालं. मग बादलीतल्या दुधात हात बुडवला आणि परत प्रयत्न केला. बोटं घसरली. पुन्हा घसरली. माझं वय बावीस होतं, हात धडधाकट होते, तरी चौथ्या खेपेला निघालं. कारखान्यात मी ते झाकण शंभरदा तरी उघडलं असेल, प्रत्येक वेळी कोरड्या हातानं.

मी तिच्याबरोबर डेअरीवर गेले. ती नको म्हणत होती, तरी गेले. रांगेत पंधरा-वीस जण होते आणि निम्म्यांकडं माझं झाकण होतं. एकानं दातांनी उचकटलं. एका बाईनं कमरेचा विळा काढून त्याच्या पाठीनं ठोकलं. तक्रार अशी कुणी करत नव्हतं. नवीन वस्तू अशीच असते असं धरून प्रत्येकानं आपापली युक्ती काढली होती. आमच्या पुढं एक म्हातारी उभी होती. तिनं मागं वळून माझ्यापुढं कॅन धरला.

"पोरी, उघडून दे गं एवढं. कुन्या मुडद्यानं केलंय, त्याची बोटं झडली न्हाईत."

मी कॅन घेतला. आईचा चेहरा असा झाला, जणू म्हातारीनं तिलाच बोल लावला होता. ती पुढं झाली आणि म्हणाली, "आवो, पक्कं बसतंय म्हून तर सांडत न्हाय. चांगलं हाय त्ये झाकान."

"चांगलं हाय तर तूच उघड," म्हातारी म्हणाली.

मी उघडून दिलं.

शुक्रवारी सकाळी मी खाचा पडलेलं ते झाकण तात्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, म्हातारीसुद्धा. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणतील. मी ते ऐकायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी झाकण खिडकीकडं धरलं आणि खाचा बोटानं मोजल्यासारख्या चाचपल्या.

"आईचा कंचा हात दुखतोय?"

"उजवा. अंगठा."

"अंगठा वाकतोय किती?"

मी माझा अंगठा वाकवून दाखवायचा प्रयत्न केला, पण मला नक्की सांगता येईना. ते म्हणाले, "बरं. आधी मालकाकडं जाऊ."

मालक चिडले. "कुणाची तक्रार आली आहे का? माल चाललाय. व्यापारी खूश आहे. चालू मोल्ड मशिनवरून उतरवायचा?"

मी बरोबर नेलेला कॅन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी झाकण एका झटक्यात उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी ते परत दाबून बसवलं, कॅन्टीनमधून आणलेल्या दुधाच्या वाटीत त्यांना हात बुडवायला सांगितलं. असं काही मी त्यांना सांगेन याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी खरंच बुडवला. मग पाच मिनिटं ते झाकणाशी झटत होते. टेबलावर, कागदांवर दूध उडालं. शेवटी त्यांनी कॅन ढकलून दिला, हात पुसले आणि हसले.

"मोल्डला किती दिवस लागतील?"

"चार," तात्या म्हणाले. "दोन्ही कामं पोलाद कापायचीच हायती, भरायचं काय न्हाय. कंगोऱ्याला उतार द्यायचा, आन् कडंला बोट घालाय एक जीभ काढायची. फकस्त उतार किती, त्ये आधी बघाय पाहिजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आईला घिऊन या."

आई यायला तयार नव्हती. कारखान्यात माझं काय काम, म्हणत होती. शेवटी वडिलांनीच तिला फाट्यापर्यंत आणून एसटीत बसवलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती बारामतीच्या स्टँडवर उतरली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगांची चटणी होती, तात्यांसाठी. गेटमधून आत येताना तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला तो मशिनपाशी जाईपर्यंत तसाच होता.

तात्यांनी तिला आधी मशीन दाखवलं. कुठून दाणा पडतो, कुठं वितळतो, मोल्ड कसा मिटतो. ती मान डोलवत होती. मोल्ड उघडल्यावर त्यांनी आतून झाकण काढून तिच्या हातावर ठेवलं आणि ती दचकली.

"आगं बया, भाकरीवानी गरम हाय," ती म्हणाली, आणि ते पदरात घेऊन उभी राहिली.

तात्यांनी दोन दिवस खपून सात झाकणं तयार केली होती. प्रत्येकाचा कंगोरा आतून हातानं तासलेला, एकाचा थोडा, एकाचा जास्त. काहींच्या कडेला तापलेल्या पट्टीनं प्लॅस्टिकची जीभ चिकटवलेली, लहान, मोठी, रुंद. टूलरूममध्ये एका स्टुलावर आईला बसवलं, समोर कॅन आणि दुधाची परात. मी वही घेऊन शेजारी उभी राहिले.

आईनं हात ओला करून पहिलं झाकण काढलं. बराच वेळ लागला. "चांगलं हाय," ती म्हणाली.

दुसरं. "ह्ये बी चांगलं हाय."

तिसरं तर कॅनवर बसतच नव्हतं, नुसतं ठेवल्यासारखं होतं. "बेस हाय की."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई," ते म्हणाले, "तुमी जरा भाईर थांबा. तुमी हितं हाय तवर तुमची आई खरं बोलायची न्हाय."

मी बाहेर आले. दाराशेजारी दाण्याच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर बसले. दार अर्धं उघडं होतं. थोडा वेळ नुसता टक्क, टक्क असा आवाज येत राहिला. मग आईचा आवाज आला, आणि तो घरातला आवाज होता. ज्या आवाजात ती वडिलांना सांगते की मीठ संपलंय, गाईला औषध आणा.

"ह्ये लई कडक. ह्येच्यानं तर माझं नख गेलं. ह्ये सैल हाय, चालताना उडंल. ही जीभ बारकी हाय बघा, हितं माझा अंगठा मावत न्हाय. अंगठ्यानं लावायचंच नगं मला, अंगठ्यात जोर न्हाय. हितनं तळव्यानं वर सारता आलं पाहिजे, असं."

"असं?" तात्या म्हणाले.

"न्हाय, खालनं. दावते. बघा, हात असा जातोय. धार काढल्यावर बोटं आखडत्यात, उघडत न्हाईत लवकर. तळवा चालतोय."

"मग जीभ रुंद पाहिजे."

"रुंद पाहिजे. आन् टोचाय नगं."

कानशीचा आवाज आला. मग परत टक्क, पण या वेळी हलका.

"ह्ये," आई म्हणाली. "ह्ये व्हय."

मग आई हळू आवाजात म्हणाली, "पोरीला सांगू नका हां मी असं बोलले. हौसंनं केलंय तिनं. पयलंच काम हाय तिचं."

"न्हाय सांगत," तात्या म्हणाले.

मी पोत्यांवरून उठले, नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि मग उगाच पाय आपटत आत गेले. आई पदरानं हात पुसत होती. तात्यांनी एक झाकण बाजूला काढून त्यावर पेन्सिलीनं खूण केली होती.

"ठरलं," ते म्हणाले. "तासून बघता बघता मलाच घावलं."

दुपारी आम्ही तिघांनी टूलरूममध्येच भाकरी खाल्ली. तात्या चटणी दोनदा मागून घेत होते आणि आई खूश होत होती. वालचंदनगरला असताना त्यांच्या बायकोला घरी दळण-कांडण करून असाच हाताचा त्रास झाला होता, असं ते मधेच म्हणाले.

स्टँडवर एसटीची वाट बघताना आई म्हणाली, "तात्या देवमानूस हाय बघ. आमी काय बोललो न्हाय, उगं झाकनं उघडून बघितली." मी बरं म्हटलं. मग ती म्हणाली, "तू दिसभर उभीच असतीस का गं? का बसाय मिळतंय?" मी नोकरीला लागल्यापासून तिनं माझ्या कामाबद्दल विचारलेली ही पहिलीच गोष्ट होती. मी तिला सांगितलं, माझं टेबल कसं आहे, रेघा मारायचा ड्राफ्टर कागदावर कसा सरकतो, पेन्सिल किती वेळा घासावी लागते. गाडी आली तरी सांगत होते. ती खिडकीतून वाकून ऐकत होती.

ड्रॉइंग मी नव्यानं काढलं. या वेळी कागद पुरा व्हायच्या आधीच तात्यांना बोलावलं, आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. चार दिवसांत मोल्ड झाला. नवीन झाकणं निघताना तो टक्कन आवाज येत नव्हता, नुसती सळसळ व्हायची. काठावर पांढरं पडणंही गेलं. कॅन पालथा करून बघितला, दूध थांबलं. जोरात आपटला तर मात्र थोडं पाझरायचं. व्यापाऱ्याला मी ते लपवलं नाही. तो जरा कुरकुरला, पण एका दुकानदारानं त्याला सांगितलं होतं म्हणे की बायका आधीचं ढिलं झाकण आणि फडकंच मागतात. त्यानं नवं घेतलं. ते झाकण पुढं बरीच वर्षं निघत राहिलं. मी नोकरी बदलली तेव्हाही चालूच होतं.

नवीन झाकण घेऊन मी गुरुवारी घरी गेले ते बोलायचंच नाही असं ठरवून. जुनं काढून टाकलं आणि नवं कॅनवर बसवून ठेवलं. संध्याकाळची धार झाली. आई कॅनपाशी आली. दोन गाईंपैकी तांबडी तेव्हा गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आई मला तिच्याबद्दलच सांगत होती. कास कशी उतरली आहे, कालपासून चारा कसा निम्मा टाकते आहे. बोलता बोलता तिनं ओला तळवा जिभेखाली घातला, झाकण वर सारलं, बाजूला ठेवलं आणि दूध ओतलं. हाताकडं पाहिलंसुद्धा नाही.

"अमुशाच्या आत व्यायाची बघ," ती म्हणाली. "आन् या बारीला कालवडच हुनार. पोटाचा आकारच सांगतोय."

मी म्हटलं, "कशावरून गं?"

ती झाकण दाबून बसवत तांबडीकडं वळली आणि मला दाखवू लागली.